सामान कोण हलके करते?

मे महिन्याच्या सुट्टीची विमानाची तिकिटे हाती आली की घरोघरी बॅगांची तोलाई सुरू होते. बॅग स्प्रिंगच्या काट्याला टांगायची, आकडा सोळावर गेला की एक जोड कपडे बाहेर काढायचे आणि पुन्हा टांगायची. देशातल्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात नेता येते. या दोन आकड्यांभोवती सल्ल्यांचे मोठे पीक आले आहे. कपडे घडी न घालता गुंडाळावेत, जड बूट पायात घालावेत, एकमेकांवर चालतील अशाच रंगांचे कपडे घ्यावेत. हे सल्ले उपयोगाचे आहेत. मात्र त्या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत आहे, की कमी सामान नेणे हा ज्याच्या त्याच्या शिस्तीचा प्रश्न आहे. आटोपशीर माणूस थोडके नेतो आणि धांदरट माणूस घर उचलून नेतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांतला मराठी माणसाचा प्रवास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. बरोबर काय न्यायचे हे मुख्यतः वाटेने ठरवले आहे. वाटेत काय मिळेल, कोण देईल आणि दिलेले आपल्याला घेता येईल का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे सामान जड झाले किंवा हलके झाले. विमानकंपनीचा काटा या गोष्टीत फार उशिरा आला.

रेल्वे सर्वदूर पोहोचण्यापूर्वीच्या यात्रेपासून सुरुवात करू. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात वाटचालीचे जे चित्र आहे, त्यात कमावलेले द्रव्य सांभाळणे हीच मोठी चिंता आहे. ते लुबाडले गेले आणि अखेर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्या काळी लांबच्या यात्रेला निघणारा माणूस शिधा, भांडी, अंथरूण आणि पैसा असे सगळेच बरोबर घेई, कारण यांतले काहीही वाटेत मिळेल याची खात्री नव्हती. खात्री जिथे निर्माण झाली तिथे तेवढे ओझे उतरले. सावकाराची हुंडी मिळाली की नाण्यांची थैली नेण्याचे कारण उरत नसे. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या, घाट बांधले, अन्नछत्रे चालवली. त्यांचे पुण्य लोकांनी पिढ्यानपिढ्या गायले, परंतु एका अन्नछत्रामागे किती वाटसरूंच्या पाठीवरचा शिधा कमी झाला असेल, हा हिशेबही त्या पुण्यातच धरायला हवा.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आजही दर आषाढीला डोळ्यांसमोर चालतो. आळंदी-देहूहून पंढरपूरची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची आणि तीन आठवड्यांच्या आसपासची. ती चालणाऱ्या वारकऱ्याच्या हाती टाळ असतात, वारकरी बाईच्या डोक्यावर तुळस असते, आणि बाकी सामान दिंडीच्या ट्रकमध्ये. तंबू, राहुट्या, पातेली, शिधा आणि अंथरुणे यांची व्यवस्था दिंडी बघते. मुक्कामाच्या गावी लोक पंगती घालतात, वाटेत पाणी देतात. तीन आठवडे घराबाहेर राहणारा हा माणूस दिवसभर जितक्या मोकळ्या खांद्यांनी चालतो, तितका तीन रात्रींच्या सहलीला निघालेला शहरी माणूस चालत नाही. वारकऱ्याची विरक्ती खरीच आहे, पण ती पेलण्यासाठी दिंडी नावाची व्यवस्था उभी आहे. तीन आठवड्यांचे घर प्रत्येकाच्या पाठीवर दिले तर कितीही विरक्त माणूस चौथ्या दिवशी वाकेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि पुढच्या अर्धशतकात मराठी मुलखात प्रवास वेगाचा झाला. सामान मात्र लगेच कमी झाले नाही. पत्र्याची ट्रंक, सतरंजीत गुंडाळून दोरीने आवळलेली वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फराळाचा डबा हा रेल्वेच्या प्रवाशाचा ठरलेला संसार होता. यांतली प्रत्येक वस्तू कशाची तरी उणीव सांगते. डब्यात फळकुटाचे बाक होते, म्हणून वळकटी. नातलगाकडे उतरायचे, तिथे अंथरुणांची चणचण असणार, म्हणूनही वळकटी. फिरकीच्या तांब्याचे कारण आणखी खोल आहे. त्याचे झाकण आट्यांवर घट्ट बसते, गाडी कितीही हलली तरी थेंब सांडत नाही आणि झाकणाच्या कडीत बोट अडकवून तो सहज उचलता येतो. कारागिरीचा हा उत्तम नमुना घरातून निघाला तो केवळ तहानेपोटी नाही. स्टेशनवर पाणी होते, पण ते कोणाच्या हातचे हा प्रश्न होता. पुढे अनेक स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी वेगळी सोयही झाली. फराळाच्या डब्यातल्या दशम्यांचेही तेच. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दोन दिवस टिकते हा तिचा एक गुण, आणि सोवळ्याला चालते हा दुसरा. म्हणजे त्या काळच्या सामानाचा मोठा भाग गैरसोयीचा नव्हता. तो विटाळाच्या कल्पनेचा होता आणि प्रवासी तो स्वखुशीने, मानाने वाहत होते.

त्याच कल्पनेची दुसरी बाजू ज्यांच्या वाट्याला आली त्यांचा प्रवास पाहिला, की सामान नीट भरण्याचे शहाणपण किती अपुरे असते ते कळते. १९०१ सालची ही हकिकत बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. वडील सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावी नोकरीला होते आणि त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले होते. उन्हाळ्याची सुट्टी, पहिलाच रेल्वेचा प्रवास. तयारीत काहीच कसर नव्हती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशमी काठांची धोतरे आणि डबाभर जेवण. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कोणी आले नव्हते. ही मुले महार आहेत असे समजताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले बैलगाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर एक जण तयार झाला. डब्यात अन्न भरपूर होते, पण वाटेत पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. मुले भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. सुट्टीच्या प्रवासासाठी याहून नीट भरलेले सामान कल्पिणे कठीण आहे. तरीही जे हवे होते ते सामानात मावणारे नव्हते; ते वाटेवरच्या माणसांच्या हातात होते आणि त्यांनी ते नाकारले. चांगली तयारी केली की प्रवास सुखाचा होतो, असे ज्याला छातीठोकपणे म्हणायचे असेल त्याने या एका हकिकतीला उत्तर द्यावे.

आता विमानाकडे येऊ. विमानात वजन हा पहिल्या दिवसापासून जिवाचा प्रश्न होता. १९२९ साली इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. त्या काळच्या विमानकंपन्या सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे करत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात २५ किलो टपाल होते. पुढेही काही काळ या सेवेत टपाल हाच मुख्य ऐवज होता. क्वचित एखादा प्रवासी घेतला तर त्याला टपालाच्या थैल्यांवर बसावे लागे. कायद्यानेही वजनालाच मोजमाप मानले. १९२९ च्या वॉर्सा कराराने नगांची संख्या आणि वजन सामानाच्या पावतीवर लिहिणे आवश्यक केले आणि सामान हरवले तर भरपाई किलोमागे ठरवली. आत पैठणी आहे की पंचे, याच्याशी त्या हिशेबाला कर्तव्य नव्हते. किलोमागचा हा हिशेब जाऊन प्रवाशामागे भरपाईची मर्यादा ठरायला १९९९ चा माँट्रियल करार उजाडावा लागला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, त्यानंतरच्या काळात आंतरराष्ट्रीय प्रवासात पहिल्या वर्गाला ३० किलो आणि साध्या वर्गाला २० किलो ही मर्यादा सर्वत्र रुळली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सामान हलके करायला माणसाला या काट्यानेच भाग पाडले. वाटेवरच्या भरवशाचा त्यात काय संबंध? किलोमागे पैसे मोजावे लागले की कोणीही शहाणा होतो. या आक्षेपाचे उत्तर त्याच २० किलोंच्या इतिहासात आहे. १९६०-७० च्या दशकांत परकीय चलनाची टंचाई इतकी होती, की शिकायला अमेरिकेला निघालेल्या तरुणाला एका टप्प्यावर अवघे ८ डॉलर बरोबर नेता येत. खिशात ८ डॉलर असलेल्या माणसाची बॅग कशी असणार? प्रेशर कुकर, गोडा मसाला, मेतकूट, लोणचे, पापड, औषधे, दोन वर्षे पुरतील एवढे कपडे. काटा २० किलोंवर थांबला तरी अंगावर ओव्हरकोट चढवून त्याच्या खिशांत पुस्तके कोंबण्यापर्यंत मजल जाई. काट्याने त्याला फक्त मर्यादा घातली. गरज कमी केली ती पुढच्या दुकानांनी. शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान उघडले, न्यू जर्सीसारख्या भागांत भारतीय वाणसामानाच्या पेठा वसल्या आणि मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेतून तूरडाळ निघून गेली. तिथे डाळ मिळू लागली म्हणून बॅगेत जागा झाली. उलट दिशेचा पुरावा रेल्वे देते. स्लीपरच्या प्रवाशाला आजही ४० किलो सामान फुकट नेता येते, वळकटीला कोणाची हरकत नाही. तरी वातानुकूलित डब्यातून वळकटी हद्दपार झाली, कारण तिथे चादर, उशी आणि ब्लँकेट जागेवर मिळते. वजनाची मुभा असूनही सामान कमी झाले, असे हे उदाहरण आहे.

सामान उचलणारा खांदा हाही वाटेचाच भाग होता. ट्रंक जड असली तरी बिघडत नसे, कारण ती मालकाला उचलायची नव्हती. लाल सदऱ्यातला हमाल डोक्यावर दोन ट्रंका, खांद्यावर होल्डॉल घेऊन पूल चढत होता, तोवर बॅगेला चाक लावण्याची निकड कोणाला भासली नाही. विमानतळावरचे लांबलचक रस्ते आले, हमाल दिसेनासा झाला, तेव्हा ती भासली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांनी चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ साली मिळवले. उभ्याने ओढायची, दांड्याची बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने बनवली. चाक आणि पेटी या दोन्ही वस्तू हजारो वर्षे जुन्या, तरी त्या एकत्र यायला चंद्रावर माणूस उतरेपर्यंत वेळ लागला, कारण दुसऱ्याची पाठ स्वस्त होती. महाराष्ट्राचा या उद्योगाशी जवळचा संबंध आहे. १९६८ साली सुरू झालेल्या व्हीआयपीचे आणि पुढे सॅमसोनाइटचेही कारखाने नाशिक परिसरात उभे राहिले आणि लग्नात मुलीला द्यायच्या वस्तूंत पत्र्याच्या ट्रंकेची जागा साच्यातून काढलेल्या सूटकेसने घेतली. सामान हलके होण्याच्या या गोष्टीत ज्यांची पाठ वाचली तेही आहेत आणि ज्यांची रोजी गेली तेही. आजही आपण कन्व्हेयरवर ठेवलेली बॅग पुढे कोणीतरी हातांनीच उचलतो. एका नगाला ३२ किलोंची जी सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे ती त्या उचलणाऱ्याच्या कमरेसाठी आहे, आणि जादा पैसे भरूनही ती ओलांडता येत नाही, हे योग्यच आहे.

दुसरा आक्षेप असा, की वाट भरवशाची झाली तर सामान घटायला हवे होते. प्रत्यक्षात चार दिवसांच्या गोव्याच्या सहलीला माणसे आठ जोड कपडे नेतात. हे खरे आहे. पण ते आठ जोड गरजेपोटी नेलेले नसतात; फोटोंसाठी, समारंभासाठी, लोकांत शोभून दिसण्यासाठी नेलेले असतात, आणि म्हणूनच काटा जास्त झाला की तेच सर्वांत आधी बाहेर निघतात. गरजेचे ओझे उतरले म्हणून हौसेला जागा मिळाली. तिच्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्यांच्या आज्यांनी एकाच ट्रंकेत पाच जणांचे कपडे कोंबले, त्यांच्या नातींनी आवडीचे कपडे न्यावेत. मात्र गरज आणि हौस यांचा हिशेब वेगळा ठेवता आला तर बॅग भरणे पुष्कळ सोपे होते. दरम्यान एक नवीच गोष्ट घडली आहे. पूर्वी प्रवाशाचा वाटेवर भरवसा नव्हता, आता वाटेचा प्रवाशाच्या बॅगेवर नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आल्यावर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या द्रवाला १०० मिलिलिटरची मर्यादा आली. पॉवर बँकेतली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती पोटातल्या सामानात चालत नाही, डोळ्यांसमोर हातातच ठेवावी लागते. सुके खोबरे तर धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, कारण त्यातले तेल साठ्यात आपोआप तापून पेटू शकते. देवाचा प्रसाद म्हणून बांधलेली खोबऱ्याची वाटी तपासणीत काढून घेतली की माणसे हिरमुसतात, पण तो नियम कोणाच्या श्रद्धेविरुद्ध केलेला नाही.

मग सुट्टीसाठी विमानाने निघणाऱ्याने या इतिहासातून घ्यावे काय? ‘लागलेच तर असावे’ या भीतीपोटी यादी करू नये. मुक्कामी काय हमखास मिळते याची चौकशी आधी करावी आणि जे तिथे मिळणार नाही किंवा आपल्यापुरतेच आहे तेवढे न्यावे. रोजची औषधे आणि डॉक्टरची चिठ्ठी, चष्म्याचा दुसरा जोड, कागदपत्रे, बाळाचे खाणे, बॅटऱ्या, दागिने आणि बदलायला एक जोड हे हातातल्या ७ किलोंत ठेवावे, कारण पोटातली बॅग उशिरा आली किंवा हरवली तरी भरपाई मर्यादेतच मिळते आणि ती त्या रात्री उपयोगाची नसते. टॉवेल, साबण, छत्री, दुसरी चादर यांच्याबाबत मुक्कामाच्या जागी एक फोन करणे पुरेसे असते. मराठी सहल कंपन्यांनी हा धडा फार आधी ओळखला. १९८४ साली सुरू झालेल्या केसरीसारख्या कंपन्यांनी परदेशातही ओळखीचे जेवण आणि आपल्या भाषेतला सोबती देण्याची हमी दिली, आणि घराबाहेर कधी न पडलेली ज्येष्ठ माणसे डब्याच्या चिंतेवाचून युरोपला जाऊन आली. ज्यांना हे परावलंबन वाटते त्यांनी लक्षात घ्यावे, की हुंडीवर विसंबणारा व्यापारी आणि दिंडीवर विसंबणारा वारकरीही याच अर्थाने परावलंबी होते.

शेवटी हा प्रश्न एकट्या विमानाच्या प्रवाशाचा राहत नाही. ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनकडे झेपावण्याच्या अवघा आठवडाभर आधी, १ जून १९४८ रोजी, पुणे-नगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली बस धावली होती. त्या दोन वाटांवरचे प्रवासी आज काय घेऊन निघतात ते पाहावे. विमानाचा प्रवासी पाण्याची रिकामी बाटली नेतो आणि विमानतळावर भरून घेतो. मोबाईल, एक कार्ड आणि दोन जोड कपड्यांवर तो आठवडा काढू शकतो. एस.टी.ने माहेरी निघालेली बाई घरून पाणी भरून घेते, डबा बांधते, अंथरायला चादर घेते आणि वाटेतल्या स्थानकावरचे स्वच्छतागृह कसे असेल या धास्तीने ते पाणीही बेताने पिते. तिची पिशवी जड आहे ती तिला सामान भरता येत नाही म्हणून नव्हे. कमी सामानात फिरावे असा उपदेश तिला करण्याआधी स्थानकावर पिण्याचे पाणी, कडी लागणारे आणि धुतलेले स्वच्छतागृह आणि रात्री टेकायला सुरक्षित जागा असायला हवी. विमानतळांना हे जमले आहे, म्हणजे ते जमण्यासारखे आहे. अठराव्या शतकात एका राज्यकर्तीने ते स्वतःचे कर्तव्य मानले होते. आज ते महामंडळांचे, नगरपालिकांचे आणि त्यांना जाब विचारणाऱ्या आपल्या सर्वांचे आहे.